हट्टी आई आणि कायदा

मैत्रिणींबरोबर तीन दिवस बीचवर जायचं म्हटलं, तर आई म्हणाली, “सोळाव्या वर्षी एकट्या? मुळीच नाही!”

पण मी नुकतीच शाळेच्या डिबेट टीमची कॅप्टन झालेय, ऐकते कसली! आई युनिव्हर्सिटीच्या लॉ लायब्ररीत शिफ्टला गेल्यावर तिच्याच कामाच्या लॉगिनने तिथला मदतीचा चॅट उघडला. तिथे रोबोच उत्तरं देतो, याची मला शंभर टक्के खात्री. एकदम वकिली थाटात इंग्लिशमध्ये विचारलं, “हट्टी आई मुलीला ट्रिपला जाण्यापासून कायद्याने रोखू शकते का?”

रोबोने जरा जास्तच वेळ घेतला.



मग चक्क मराठीत उत्तर आलं, “हो, शकते. आणि नुपूर, माझ्याच लॉगिनने मलाच काय विचारतेस? आज चॅटवर मीच बसलेय.”