गोठ्यातला फितूर

"ज्यानं हा रोग माझ्या गोठ्यात आणला, त्याला उद्यापासून इथे पाऊल ठेवू देणार नाही. मग तो पोटचा मुलगा का असेना!" थोरल्यानं फर्मान सोडलं.

जनावरांचे डॉक्टर कालवडीच्या मानेवरचा गोल, केस गळालेला चट्टा निरखत होते. "नायटा आहे," ते म्हणाले.

"धाकट्याच्या गुरांचाच प्रताप. दिवसभर हुंदडतात, दिसेल तिथे अंग घासतात. त्यांना गायरान बंद, एवढं लिहून द्या."

वाटण्या झाल्यापासून दोघा भावांत विस्तव जात नव्हता. दोन गोठ्यांत एक भिंत होती, तीही थोरल्यानं दोनदा उंच केली होती. महिन्यापूर्वी धाकट्याचा हात मोडला, तेव्हा "बरं झालं!" असं त्यानं भिंतीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं होतं. माणूस तसा वाईट नव्हता, पण एकदा हट्टाला पेटला की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही.

"तुमची गुरं चरायला जातात?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे! झरोकेसुद्धा बुजवलेत. त्याच्याकडचा वाराही नको मला."

"तिथेच चुकलं. अंधार, ओल आणि खेटून उभी जनावरं. नायट्याला आणखी काय हवं? धाकट्याकडच्या गायींचे चट्टे बघा, उन्हात सुकत आलेत."

"म्हणजे तिकडेही आहे! बघा, मी म्हणत नव्हतो?"

"आहे. पण तुमची गुरं बाहेर जात नाहीत आणि त्याची आत येत नाहीत. मग कुणीतरी माणूसच दोन्हीकडे वावरतोय. हातावरून, कपड्यांवरून रोग येतो. त्या माणसालाही चट्टा उठू शकतो."

थोरल्यानं लगेच घरच्यांना रांगेत उभं केलं. "बाह्या वर करा!"

मुलाचे हात स्वच्छ. सुनेचेही.

"आम्ही भिंतीकडे नुसतं बघितलं तरी तुम्ही ताटावरून उठता," बायको बाही वर सारत म्हणाली. "आमची काय बिशाद तिकडे जायची?" तिच्याही हातावर काही नव्हतं.

"घरचं कुणी नाही, तर मग तुमचंच खरं धरू," म्हणत डॉक्टरांनी पेन काढलं. "लिहू? धाकट्याच्या गुरांना गायरान बंद?"

थोरल्यानं पटकन डॉक्टरांचं पेन धरलं. कालपर्यंत याच कागदासाठी त्यानं डॉक्टरांच्या दारात चपला झिजवल्या होत्या.

"थांबा," तो पुटपुटला. "गायरान बंद केलं, तर बिचारी खातील काय?"

घरच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. बिचारी?

तेवढ्यात भिंतीपलीकडून धाकट्याच्या बायकोची खणखणीत हाक आली, "भाऊजी, मागच्या दाराशी आज गवताची गाडी लागलीय, पुढच्याच दारानं या! तांबडी कधीची हंबरतेय, तुमच्याशिवाय कुणाला पान्हाच सोडत नाही!"