टीव्हीला कुलूप

सकाळी सव्वानऊ वाजता उल्काने टीव्हीचं लाकडी शटर दोन्ही बाजूंनी ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. चार वर्षांची राही बाजूला उभी राहून बघत होती. ती रडली नाही. त्यामुळे उल्काला जास्तच लागलं.

१९८६चा ऑक्टोबर, बुधवार. आदल्या दिवशी डॉक्टरांनी राहीचे डोळे तपासले होते. पाणी येतं, सारखे चोळते, म्हणून उल्काच तिला घेऊन गेली होती. टीव्ही बघते का, असं डॉक्टरांनी विचारलं. उल्काने घरी ऐकलेलं सांगितलं: त्याच्यापुढे बसली की हलत नाही.

"घरात कोण असतं तेव्हा?"

"ह्यांच्या आत्या असतात."

"आणि तुम्ही?"

उल्काने राहीच्या फ्रॉकचं बटण लावलं. ते आधीच लावलेलं होतं.

उल्का जूनमध्ये एका सोसायटीच्या ऑफिसात नोकरीला लागली. नवरा राजाभाऊ चिपळूणला नोकरीला, शनिवारी रात्री यायचा. नोकरी कशाला, असं तो एकदाच म्हणाला होता. सहा महिने बघू, असं ठरलं होतं. टीव्हीसुद्धा उल्काच्याच हट्टाने आला. रविवारचा सिनेमा शेजारपाजाऱ्यांना पडवीत बसूनही दिसावा म्हणून तो आतल्या भिंतीला, बरोबर दारासमोर ठेवला होता.

पहिल्या आठवड्यात राही दारात बसून रस्त्याकडे बघायची आणि रडायची. एकदा ती उल्काच्या मागे हातखंब्याच्या एसटीपर्यंत धावत गेली. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला. त्या रात्री उल्काने फाटकाला उंच कडी लावून घेतली आणि मालिनीआत्यांना बजावलं, "रस्ता दिसला की ही रडते. दाराकडे पाठ करून बसवत जा तिला."

आत्यांनी ते तंतोतंत पाळलं. त्याहून जास्त त्यांच्याने होण्यासारखं नव्हतं. कानाने त्या जड, आणि तिन्हीसांजेपर्यंत परसात गाईचं आणि पोफळींचं काम.

मग रडणं थांबलं. पंधरा दिवसांत आत्या कौतुकाने सांगू लागल्या, "गुणी झाली हो. टीव्हीपुढे बसली की उठायचं नाव नाही." उल्काला तेव्हा हायसं वाटलं होतं. आता तेच वाक्य तिला टोचत होतं.

आणखी एक गोष्ट सलत होती. रोज संध्याकाळी उल्का फाटकाशी पोचायची, तर कडी वाजायच्या आत राही दारात हजर. टीव्ही बंद. एवढ्याशा पोरीला बटण पिळून टीव्ही बंद करायचं, पळत येऊन साळसूदपणे उभं राहायचं कळू लागलं होतं. आईपासून लपवायला ती शिकली होती.

बुधवारी संध्याकाळी कडी वाजली तरी राही दारात आली नाही. ती आत, बंद शटरपुढे बसली होती. दूध तसंच होतं.

"कुलूप बघत बसलीय," आत्या म्हणाल्या. "दारू सुटत नाही ना माणसाची, तशातली गत झाली गो हिची."

गुरुवारीही तेच. त्या रात्री उल्काने ठरवलं, शनिवारी राजाभाऊ आले की नोकरी सोडते म्हणून सांगायचं.

शुक्रवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. राहीला चाहूल लागू नये म्हणून ती फाटकातून न येता कुंपणाच्या दगडी गडग्याच्या कडेने परसदारी आली. चार वाजत आले होते. उकाड्यामुळे पुढचं दार सताड उघडं होतं. राही त्याच्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर हनुवटी टेकून शटरसमोर बसली होती.

उल्का तिच्यापाशी आली. राहीने वर बघितलं, मग मागे दाराकडे बघायला मान वळवली आणि आठवण झाल्यासारखी पटकन परत फिरवली.

उल्काचा निश्चय टिकला नाही. तिने किल्ली काढली, शटर सरकवलं, बटणाकडे हात नेला. मग तिच्या लक्षात आलं.

"आत्ता काही लागत नाही, राही. संध्याकाळी लागतं."

"लावू नको."

"मग बघणार काय?"

राहीने फ्रॉकच्या टोकाने काच पुसली. परत जागेवर येऊन बसली आणि शेजारची फरशी थोपटली. उल्का बसली.

राखाडी काचेत त्या दोघी होत्या. त्यांच्या मागे उघडं दार, पायवाट, आणि पायवाटेच्या टोकाला बोटाएवढं फाटक.

"इथून तू येतेस," राही म्हणाली.