वडलांच्या नावाची कमान

रामकिसनरावांनी भंगारातून जुनी कॅराव्हॅन आणली. जीपमागं जोडून ओढायचं, चाकांवरचं घर. वर्षभर ठोकून-रंगवून आत पलंग बसवला, संडास बसवला, शेवटी छतावर एसी चढवला. त्या गारव्यात लोळत साहेब देश बघणार होते.

गावाबाहेर जायला डांबरी रस्ता एकच. त्यावर रामकिसनरावांनीच वडलांच्या नावाची कमान बांधलेली, आणि ती इतकी बुटकी की मागच्या सुगीत हरिबा धनगराची कडब्याची गाडी तिथंच अडकली. तेव्हा रामकिसनराव म्हणाले होते, "तुझ्या कडब्यासाठी वडलांचं नाव पाडू का बे? ओढ्यातून जा."

आज नारळ फुटला, जीप निघाली आणि एसी कमानीला जाऊन थडकला. साहेब खाली उतरले. एसीकडं बघितलं, वडलांच्या नावाकडं बघितलं, मग जमलेल्या लोकांकडं. कुणी हसलं नाही. गावात राहायचं असतं.

शेळ्या हाकत आलेला हरिबा तेवढा थांबला नाही. ओढ्याकडं वळता वळता म्हणाला,



"या मालक माझ्या मागं. पाणी गुडघ्याएवढंच हाय."