टोपड्याचं कापड

दत्तक घेतलेलं बाळ पुढच्या आठवड्यात घरी येणार, म्हणून मृण्मयी उत्साहाने कामाला लागली होती. उपम्यासाठी रवा भाजून बरणीत भरला, आमटीसाठी वाटण करून फ्रीजरमध्ये ठेवलं. बाळाला कडेवर घेऊन एका हाताने स्वयंपाक उरकता यायला हवा!

तेवढ्यात मिरजेहून सासूबाई अचानक आल्या. दत्तकाचं कळल्यापासून त्या फोनवरही तुटक बोलत. मृण्मयी धास्तावली.

सासूबाईंनी पिशवीतून डबा काढून ओट्यावर ठेवला. आत डिंकाचे लाडू होते.

“आई, हे तर बाळंतिणीला देतात,” ती चाचरत म्हणाली.

“मग तू कोण आहेस? बाळ रात्र रात्र जागवेल, तेव्हा अंगात ताकद नको?”

मृण्मयीचे डोळे भरून आले.

इतक्यात संस्थेतून फोन आला. कागदपत्रं लवकर पूर्ण झाली होती. मुलीला न्यायला उद्याच या, म्हणाले.

डोळे पुसत तिने नवऱ्याला बातमी कळवली आणि वळून पाहिलं, तर सासूबाई चपला घालून दारात उभ्या.

“आई, उद्या जायचंय!”

“ठाऊक आहे. टोपड्यासाठी मऊ कापड आणते. माझी नात उघड्या डोक्याने येणार का घरी?”