घोंगडीचा तुकडा

शिट्टी वाजली. फळी वर गेली आणि शर्यतीतले पाच टेरियर कुत्रे सुसाट सुटले. सहावा, भिंगऱ्या, जागेवरच उभा राहिला.

छावणीच्या मैदानावर एकच हशा पिकला. शेवटच्या रेघेपलीकडं उभ्या असलेल्या मुंजाबाच्या काळजात धस्स झालं. मेंढरं सोडून मेजरसाहेबांच्या बंगल्यावर कामाला लागल्यापासून, तीन महिने, त्यानं साहेबांच्या याच कुत्र्यामागं घाम गाळला होता. कालपर्यंत तर पठ्ठ्या शिट्टीबरोबर उधळत होता!

साहेबांची पुण्याला बदली झाली होती. "जिंकला तर माझ्याबरोबर नेतो," ते म्हणाले होते. "हरला तर तुलाच ठेव." मुंजाबाचा भिंगऱ्यावर फार जीव जडला होता. पण हातातलं काम मुद्दाम बिघडवणारा तो माणूस नव्हता. शिवाय जवान रोज खिजवायचे, "मेंढरं वळणाऱ्याला विलायती कुत्र्यातलं काय कळतंय?" त्यांची तोंडं त्याला एकदा बंद करायची होती.

मग हा हलला का नाही? मैदानाच्या टोकाला उलट्या सायकलचं चाक फिरवून दोरी गुंडाळली होती. तिच्या टोकाला बांधून कुत्र्यांपुढं ओढलेलं आमिष मुंजाबानं आत्ता कुठं नीट पाहिलं. सशाचं कातडं! बाकीच्यांनी कातड्यामागंच कुत्री पळवली होती. मुंजाबाकडं कातडं कुठलं? त्यानं हाताशी होता तो घोंगडीचा फाटका तुकडा बांधला होता. शिकार म्हणजे काळी लोकर, एवढंच भिंगऱ्याला ठाऊक. सशाशी त्याचं काय देणंघेणं?

पहिली फेरी नुसती सरावाची होती. आता दुसरी, निकालाची. रेघेपलीकडून आपल्या कुत्र्याला हाक मारायला, रुमाल हलवायला सगळ्यांना मुभा होती. आणि मुंजाबाच्या खांद्यावर अख्खी घोंगडी होती. नुसती झटकायचा अवकाश, भिंगऱ्या पहिला आला असता. सगळ्या छावणीनं मुंजाबाचं नाव काढलं असतं. आणि आठ दिवसांनी भिंगऱ्या पुण्याला.

कुत्री पुन्हा फळीमागं उभी राहिली. मुंजाबाचा हात खांद्यावर गेला. त्यानं घोंगडी उतरवली, तिची घडी घातली आणि तो तिच्यावर बसला.

शिट्टी वाजली. पाच कुत्री रेघ ओलांडून गेली. भिंगऱ्या रमतगमत सगळ्यांच्या मागून आला.

"अरे, कुत्रं आणलंस का बकरी?" कुणीतरी ओरडलं. मुंजाबानं मान खाली घातली. त्याचे कान तापले होते.

मेजरसाहेब तरातरा चालत आले. साहेब दिसले की मुंजाबा ताडकन उभा राहायचा. आज तो उठला नाही.

"तीन महिने काय शिकवलंस रे याला?"

"चुकलं, साहेब. नाय जमलं मला."

तेवढ्यात भिंगऱ्या मांडीखाली घुसला. त्यानं घोंगडीचा कोपरा दातांत धरला आणि गुरगुरत हिसके देऊ लागला. मुंजाबानं कोपरा घट्ट दाबून धरला. साहेब त्या काळ्या कोपऱ्याकडं बघतच राहिले. रोज सकाळी ते व्हरांड्यात चहा घ्यायचे, आणि मुंजाबा समोरच भिंगऱ्याला असल्याच काळ्या तुकड्यामागं पळवायचा. मुंजाबाला दरदरून घाम फुटला. साहेब आता "ऊठ" म्हणाले की संपलं.

साहेबांनी कुत्र्याची साखळी त्याच्या हातात ठेवली.

"उठू नकोस," ते हळूच म्हणाले. "सगळे जाईपर्यंत बसूनच राहा."