नऊ पॉइंट आठ

ज्ञानेश्वरीनं ब्युरेटमधून जांभळ्या परमँगनेटचा पहिलाच थेंब सोडला आणि खालच्या फ्लास्कमधलं द्रावण गुलाबी होऊन बसलं. हलवलं तरी रंग जाईना. बाटलीच्या लेबलावरचा क्षार त्यात असता तर असे कितीतरी थेंब त्यानं बेरंग करून गिळले असते. रीडिंग आलं शून्य पॉइंट एक. फळ्यावर मात्र उमाशंकर सरांनी सकाळीच लिहून ठेवलं होतं: ९.८, ९.८, ९.८.

बारावीच्या प्रॅक्टिकलला बसलेल्या पोरांनी ते निमूट उतरवून घेतलं होतं. निम्म्यांनी तर ब्युरेटची तोटीही फिरवली नव्हती. फिरवणार कशी? दोन वर्षं सरांनी उंटावरून शेळ्या हाकल्या. खरोखरच्या शेळ्या हाकणाऱ्या बिराप्पाच्या या पोरीनं तेवढी टायट्रेशनची गणितं सोडवून सोडवून वही भरली होती. "एका विषयात जरी उडालीस तर शाळा बंद, शेळ्यांमागं काठी हातात," असं बापानं सांगून ठेवलेलं.

तिनं लॅबच्या शिपायाला हळूच विचारलं, "धोंडीबामामा, या बाटलीत क्षार घातला न्हाय का?"

"डबा दिवाळीतच रिकामा झाला, बाई. म्या नळाचं भरतोय. आजवर कुणी इचारलं न्हाय."

"काय कुजबूज चाललीय?" सर खेकसले. "लई शहाणी झालीस का? फळ्यावरचं लिही, न्हायतर शून्य घेशील."

नळाच्या पाण्यातून नऊ पॉइंट आठ काढणारे हे विद्वान! तिला त्यांच्या कडक इस्त्रीच्या शर्टाचीसुद्धा किळस आली. तरी तिनं ०.१ लिहिलं, गणित पायरीपायरीनं सोडवलं आणि खाली ठळक अक्षरात निष्कर्ष लिहिला: 'बाटलीत क्षार नाही. नुसतं पाणी आहे.' आता तीस मार्क गेले आणि काठी आली, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

कळंबहून आलेले परीक्षक पेढे संपवून मिशा पुसत आत आले. सरांनी लगबगीनं फळा पुसला. उगाच पुसला, फळ्याकडं बघायला परीक्षकांना सवड कुठं होती? खुर्चीत बसले आणि सपासप सह्या सुरू झाल्या. अठ्ठावीस. अठ्ठावीस. अठ्ठावीस. ज्ञानेश्वरीचा पेपर आला. सही झाली. अठ्ठावीस.

ती जागची हलली नाही. "सर, खालची ओळ वाचली का तुम्ही?"

परीक्षकांनी कागदावरून नजर फिरवली.

"अक्षर सुरेख आहे हं, बाळ," ते म्हणाले आणि तिच्या मागच्या निकिताचा पेपर पुढं ओढला.

ज्ञानेश्वरीनं टेबलावरची ती लेबल लावलेली बाटली उचलली, त्यांच्यासमोरच तोंडाला लावली आणि गटागटा पाणी प्यायली. धोंडीबा तेवढा बघत राहिला. परीक्षक निकिताचे मार्क लिहीत होते. अठ्ठावीस.