रेणूच्या चार फेऱ्या

निफाडची थंडी, म्हणून मी रेणूला शाल गुंडाळून गाडीतच बसवलं होतं. खो-खोचा सामना वीस मिनिटांवर होता. थंडीत धावलं की तिला दम्याचा त्रास होतो. पंप नुकताच ओढून झाला होता.

"पप्पा, दार उघडा. मला चार फेऱ्या मारायच्यात."

"आत्ताच धावलीस तर सामन्यात काय करशील?"

"अंग न तापवता एकदम धावलं की छाती आवळते. डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं. तुम्ही माझ्या सामन्यांना कधी आलात?"

ते खरं होतं. सुनंदा होती तोवर मी एकदाही आलो नव्हतो. तिला जाऊन पाच महिने झाले. मी दार उघडलं.

रेणू नाकातोंडावर रुमाल बांधून हळूहळू धावू लागली. तिसऱ्या फेरीत खोकली आणि थांबली. मी पळतच गेलो.

"बस झालं. घरी चल."

तिने हातानेच मला थांबवलं. नाकाने सावकाश श्वास घेत उभी राहिली. छाती मोकळी झाल्यावर चौथी फेरी पूर्ण करून आली. संघाचा पुकारा झाला.

"तुझ्या आईला भीती नाही वाटायची?"

"आईला?" रेणू हसली. "ती त्या नळापाशी मैदानाकडे पाठ करून बसायची. सामना संपेपर्यंत मान वळवायची नाही."

ती मैदानात गेली. मी नळापाशी गेलो, पाठ करून बसलो आणि मागची पळणारी पावलं ऐकत राहिलो.